प्रायॉरिटीला ‘नक्को’ म्हटल्याची हकिकत

देगलूर नाका, नांदेड
ईदनंतरचा सोमवार

प्रिय मित्र सिद्धलिंग यास,

सलाम, नमस्कार आणि तू क्लासच्या पोरांना रोज करतोस ते गुड मॉर्निंग, तिन्ही एकदमच पोचते कर. म्हणजे अजहरनं कुठल्या पद्धतीनं पत्र सुरू केलं यावर लातूरला चर्चा नको. तुझ्या अव्वांचा गुडघा कसा आहे? त्यांना माझा आदाब सांग आणि हेही सांग, की डॉक्टरनं गुडघा बदला म्हटलं म्हणून लगेच बदलू नका. कूलरची मोटर घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला आम्हीही आधी बदला असंच सांगतो, आणि निम्म्या मोटरींना नुसतं तेल पुरतं. ईदला तू आला नाहीस. परीक्षेची ड्युटी होती हे कळलं, पण फुफीला (तुला ओळख द्यायला नको, पण हे पत्र एसटीतून आणणारा व्यंकटी कंडक्टर ते वाटेत वाचणार आहे म्हणून त्याच्यासाठी लिहितो: हाजराबी, माझ्या वडिलांची थोरली बहीण, आमच्या घरातलं सर्वोच्च न्यायालय) ते पटलेलं नाही. तिनं तुझ्या नावाचा शीरखुर्मा फ्रीजमध्ये झाकून ठेवला होता. शेवटी मला तो तुझ्या वतीनं खावा लागला. सुकन्या वहिनींना मात्र माझा नमस्कार सांगू नकोस. किंबहुना हे पत्र आलं हेच सांगू नकोस.

पत्र पाहून दचकला असशील. कोणी गेलेलं नाही. फोन असताना पत्र लिहायचं कारण असं, की तुला फोनवर सांगितलेली गोष्ट तू वहिनींना सांगतोस, वहिनी ती व्हॉट्सॲपवर जेबाला कळवतात, आणि जेबा ती इंग्लंडहून मलाच परत सांगते तेव्हा माझा फोन अजून गरम असतो. पत्र वहिनी उघडणार नाहीत, कारण पाकिटातून येतं ते सगळं विम्याचं असतं अशी त्यांची खात्री आहे. व्यंकटी वाचेल, पण त्याच्या ओळखी उदगीरच्या पुढे जात नाहीत.

तर विषय जेबाचा आहे, म्हणजे माझ्या बायकोचा, म्हणजे व्हिसाचा. तुला सगळं तुकड्यातुकड्यानं माहीत आहे, पण गणिताच्या सरांना पहिल्या पायरीपासून सांगावं लागतं. जेबा देगलूरची, नर्स. आमचं लग्न झालं, हळद उतरते न उतरते तोच तिला लीड्सच्या दवाखान्यात नोकरी लागली आणि ती गेली. बाकीच्या घरांतून नवरे परदेशी जातात आणि बायका मागे राहून सासू सांभाळतात. आमच्याकडे बायको गेली आणि मी मागे राहून कूलरच्या गवताच्या ताट्या बांधतोय. नाक्यावर मला आता कोणी निजामोद्दीन कूलरवाल्याचा मुलगा म्हणत नाही, जेबा सिस्टरचे मिस्टर म्हणतात. मला तिच्याकडे जायचं तर जो अर्ज करावा लागतो त्यात मी तिचा ‘डिपेंडंट पार्टनर’ आहे. अब्बांनी त्याचा अर्थ विचारला. मी म्हटलं, अवलंबून असलेला जोडीदार. अब्बा म्हणाले, विलायतेत बसून त्यांना तुझ्याबद्दल इतकं बरोबर कसं कळलं.

अर्ज भरून दिला भुजंगनं. त्याच्या पाटीवर पासपोर्ट, पॅनकार्ड, सातबारा, लग्नपत्रिका आणि ‘येथे लॅमिनेशन होईल’ असं सगळं आहे आणि तो स्वतःला व्हिसा सल्लागार म्हणवतो. पहिली अडचण फोटोंची निघाली. आम्ही खरोखरचे नवरा-बायको आहोत हे पटावं म्हणून दोघांचे एकत्र फोटो जोडायचे होते, आणि आमच्या प्रत्येक फोटोत मधे फुफी आहे. गोदावरीच्या घाटावर फुफी, कंधारच्या किल्ल्यावर फुफी, लग्नाच्या स्टेजवर तर तिच्यामागे जेबाचा फक्त एक कान दिसतो. भुजंगनं कापाकापी केली, पण माझ्या खांद्यावरचा तिचा हात निघेना. शेवटी तो हात जेबाचाच आहे असं समजून घ्यायचं इंग्रज सरकारवर सोडलं. (जेबाच्या हाताला एवढ्या सुरकुत्या कशा, असं कोणी विचारलं तर नर्सिंगचं काम कष्टाचं असतं असं सांगायचं ठरलंय.)

खरी भानगड पुढे आहे. साधा अर्ज केला तर निकाल यायला किती महिने लागतील हे कोणी सांगत नाही. वरून जादा फी भरली तर फाइल पुढच्या रांगेत जाते. याला प्रायॉरिटी म्हणतात. यात चोरून काही नाही, सरकारच घेतं, रीतसर पावती देतं. आणि या पावतीनंच आमच्या घरात घोटाळा केला. अब्बांचं सगळं आयुष्य कचेऱ्यांत मीटर, परवाने आणि दुकानाचे कागद करून घेण्यात गेलेलं. (कुठल्या कचेऱ्या ते लिहीत नाही, अजून नूतनीकरण बाकी आहे.) त्यांचं म्हणणं, पैसे देऊन काम लवकर होतं हे समजलं, पण त्याची पावती मिळते म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे. ज्या पैशाची पावती मिळाली तो कधी कामाला आलेला त्यांनी पाहिला नाही. त्यांनी भुजंगला विचारलं, पावती नको म्हटलं तर थोडं कमी होतं का? भुजंगनं इंग्लंडला विचारून सांगतो म्हटलं. तो माणूस अजून विचारतोय.

पण भुजंगनं जाता जाता एक गोष्ट सांगितली आणि माझी झोप उडाली. ही फी भरली म्हणून ‘हो’ मिळेल असं नाही, फक्त उत्तर लवकर मिळेल. नकार असेल तर तोही लवकर. म्हणजे बघ सिद्धू, साध्या रांगेत राहिलो तर निदान पावसाळ्यापर्यंत ‘होईल, होईल’ म्हणत दिवस काढता येतील, आणि जादा पैसे भरले तर ऐन हंगामात नापास. आपण दोघं लातूरला एका खोलीत राहून डॉक्टर व्हायचा अभ्यास करत होतो तेव्हा निकाल जितका उशिरा लागेल तितका बरा वाटायचा, ते आठव. तू गणिताचा सर झालास आणि मी कूलरवाला, पण निकालाच्या आधीचे ते दिवस आपण दोघंही डॉक्टर होतो. हा पेच मी शेजारच्या धोंडप्पांना सांगितला. (मोटारपंपवाले, सल्ला फुकट, पंप रोख.) त्यांनी एका वाक्यात सोडवला. म्हणाले, ‘‘देवाला पास काढून गेलो तर दर्शन लवकर व्हतंय. नवस फळायचा का न्हाई, ते त्या पासवाल्याच्या हातात न्हाई.’’ मी विचारलं, मग तुम्ही पास काढता का? तर म्हणाले, ‘‘काढतो की. पाय दुखतेत.’’

मी काय ठरवलं, तर ठरवायचं काम हैदराबादला गेल्यावर करायचं. कागद आणि बोटांचे ठसे द्यायला तिथल्या केंद्रात जावं लागतं आणि प्रायॉरिटी हवी का ते तिथं खिडकीवरही विचारतात, असं भुजंग म्हणाला होता. अब्बा बरोबर आले. त्यांच्या मते हैदराबादला कसं बोलावं हे माझ्या पिढीला कळत नाही. गाडीत त्यांनी मला निजामाबादपर्यंत तहजीब शिकवली. मोठ्या जागी गडबड करू नये, हात पुढे करू नये, आधाशासारखं दिसू नये. मी नवी शेरवानी घालावी असाही त्यांचा आग्रह होता. तो मी मोडून काढला, पण तहजीब मात्र पाठ झाली, आणि तिनंच घात केला.

खिडकीत एक मुलगी होती. कागद पाहिले, ठसे घेतले, फोटोतल्या फुफीच्या हाताकडे जरा वेळ पाहिलं, आणि मग तिनं फार गोड आवाजात विचारलं, ‘‘प्रायॉरिटी में डालना क्या सर?’’ आणि मी म्हणालो, ‘‘नक्को, रहने देव.’’

हे मी का म्हणालो ते लातूर-नांदेडबाहेरच्या माणसाला समजावता येणार नाही, तुला एका ओळीत कळेल. आपल्याकडे कोणी काही पुढे केलं की पहिल्यांदा नको म्हणायचं असतं. त्यात नको असा अर्थ नसतो. तुमच्याकडे अव्वा भाकरी वाढायला आल्या की तू ताटावर आडवा हात धरतोस, अव्वा हाताच्या बाजूनं भाकरी सरकवतात आणि तू ती तूप मागून खातोस. आमच्याकडे पाहुणा चहाला दोनदा नको म्हणतो, तिसऱ्यांदा बशीत ओतून पितो आणि वर अर्धा कप मागतो. यात हिंदू-मुसलमान काही नाही, हा गोदावरी आणि मांजरेच्या पाण्याचा रोग आहे. तेव्हा मी ‘नक्को’ म्हणालो आणि मान किंचित खाली घालून, चेहऱ्यावर थोडा संकोच ठेवून, दुसऱ्यांदा विचारायची वाट पाहत उभा राहिलो. मुलीनं एक बटण दाबलं आणि ‘‘नेक्स्ट’’ म्हणाली.

मी तिथंच उभा. मागचा माणूस पुढे सरकला. मी म्हटलं, मॅडम, आपने फिरसे पूछा नहीं. ती म्हणाली, क्या सर? आता काय ते सांगणार कसं? मी अब्बांकडे पाहिलं, तर ते बाकावरून माझ्याकडे कौतुकानं पाहत होते, मुलगा किती अदबीनं बोलतोय म्हणून. तेवढ्यात गणवेशातल्या एका काकांनी माझ्या दंडाला धरून मला बाजूला घेतलं आणि पाण्याच्या मशीनपाशी नेऊन उभं केलं. त्या काकांनी पाणी देऊ का विचारलं. मी नको म्हणालो. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही.

परत येताना धर्माबाद मागे पडलं आणि जेबाचा फोन आला. अब्बा समोर डोळे मिटून बसले होते. मी हळू आवाजात सगळं सांगितलं. आधी ती इतकी हसली की तिकडे तिच्या वॉर्डातल्या कोणीतरी येऊन काय झालं विचारलं. मग तिचं हसू थांबलं. ती म्हणाली, ‘‘अजहर, मी निघाले तवा विमानतळावर तू मला विचारलंस, राहतेस का म्हणून. मी न्हाई म्हटलं. मी बी दुसऱ्यांदा विचारायची वाट बघून राहिले होते.’’

खिडकी बंद होती, पण बाहेरून काहीतरी डोळ्यात जावं तसं झालं. मी तेव्हा तिला दुसऱ्यांदा विचारलं नाही, कारण मला वाटलं तिचं नाही म्हणजे नाहीच, नोकरीची बाई आहे, सरळ बोलते. ती देगलूरची आहे हे मी त्या गडबडीत साफ विसरलो. पुढे ती म्हणाली, फी मी भरते. आणि मी, हे सगळं ऐकून झाल्यावर, पुन्हा म्हणालो, नको, मी बघतो. तेव्हा तिनं दुसऱ्यांदा विचारायला नकार दिला. ती म्हणाली, सीझननंतर ये असंही मी म्हणत नाही, आत्ता ये असंही म्हणत नाही. ‘‘येतोस का, एवढंच एकदा विचारून राहिले. आता पुन्हा न्हाई विचारणार.’’ मी ‘बघतो’ म्हणालो. एवढा नालायक शब्द मी आयुष्यात दुसरा वापरलेला नाही, आणि मी गिऱ्हाइकांना ‘उद्या नक्की’ असं रोज सांगतो.

सुदैवानं (की दुर्दैवानं) वाट अजून बंद नाही. केंद्राकडून एक मेल आला आहे, त्यात लिंक आहे. फाइल पुढे जाईपर्यंत, म्हणजे गुरुवारपर्यंत, फी भरता येईल. तेव्हापासून मी ती लिंक उघडतो आणि बंद करतो. बुशराचं (माझी धाकटी बहीण, तुला भैय्या म्हणते आणि मला काहीच म्हणत नाही) म्हणणं, इतक्या वेळा आपलं दुकान उघडलं असतं तर चार पैसे मिळाले असते. फुफीचं म्हणणं वेगळं. तिनं ऐकलंय की तिकडे नवरे भांडी घासतात. ते खरं आहे का, हे तिनं मला भांडी घासत असताना विचारलं.

आता मन मोकळं करतो. हंगाम सुरू झालाय, गोदामात लोखंडी कूलर छतापर्यंत रचलेत आणि मी एप्रिलमध्ये निघालो तर अब्बांवर सगळं पडेल, हे एक. तिकडे मी करणार काय, हे दुसरं. लीड्समध्ये कूलर विकायचा म्हणजे आधी तिथं ऊन न्यावं लागेल. बायकोच्या पगारावर बसून खायचं, हे तिसरं. इथल्या लोकांना सांगायला ही तीन कारणं फार उत्तम आहेत आणि मी ती दिवसभर सांगतो. खरं कारण मला नकाराची भीती वाटते. कोणी परका साहेब माझ्या कागदांवर बोट ठेवून म्हणेल, की हा माणूस या बाईचा कोणी लागत नाही, फोटोत तर मधे दुसरीच बाई आहे. आणि मला जेबाची आठवण येते. दुपारी सगळे कूलर एकदम चालू करून तपासतो तेव्हा त्या आवाजात मी तिच्याशी मोठ्यानं बोलतो, कोणाला ऐकू येत नाही. मला जायचं आहे. हे मी तिलाही सांगितलेलं नाही, पहिलं तुलाच सांगतोय.

अब्बांची परवानगी मिळालेली आहे, तेव्हा तो प्रश्न नाही. मी त्यांना सरळ विचारलं, जाऊ का? ते कूलरच्या टाकीत पाणी आपोआप थांबवणारा गोळा बसवत होते. मान वर न करता म्हणाले, ‘‘जा ना बेटा, खुशीनं जा.’’ झालं. तेव्हा आता प्रश्न फक्त फीचा उरतो. तू गणिताचा माणूस आहेस, शांतपणे दोन्ही बाजू मांड आणि भरावी की भरू नये ते कळव. तुझा सल्ला मी नेहमीप्रमाणे मानीन किंवा मानणार नाही. अव्वांना पुन्हा आदाब, पोरांच्या परीक्षेत कॉपी पकडताना जपून, आणि वहिनींसमोर चेहरा साधा ठेव.

तुझा खोलीतला जोडीदार
(याला व्हिसा लागत नाही)
अजहर

ता. क. पत्र बंद करायच्या आधी मंगळवार उजाडला. वर मागितलेला सल्ला पाठवू नकोस. फी भरली. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, लिंक उघडली आणि बंद करायच्या ऐवजी पुढचं बटण दाबलं. मग आठवलं, की खातं माझं आणि अब्बांचं मिळून असलं तरी बँकेत नंबर त्यांचाच आहे. ओटीपी त्यांच्या फोनवर गेला. मी म्हटलं, अब्बा, एक आकडा आला असेल, जरा वाचा. त्यांनी चष्मा लावला, एकेक आकडा मोठ्यानं वाचला, आणि मी नीट घेतला का म्हणून पुन्हा पहिल्यापासून वाचला. त्या मेसेजात रक्कमही असते, सिद्धू. दोन स्क्रू आणले तरी कशाला म्हणून विचारणारा माणूस. त्यानं काही विचारलं नाही. चष्मा काढला, खिशात ठेवला आणि म्हणाला, मागच्या रांगेतल्या कूलरांची पाती पुसायची राहिलीत. आणि स्वतःच पुसायला गेला.

ता. क. दुसरा. जेबाला फोन करून ‘येतो’ म्हणालो. ती म्हणाली, ‘‘आता फुफीला म्हणावं, एक फोटो तरी आम्हाला सोड.’’ हे वहिनींना सांगायला हरकत नाही, त्यांना कळलंच असेल.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं याच्यासाठी. रविवारी नांदेडला ये. अव्वांच्या हातची शेंगदाण्याची चटणी आण, म्हणजे येण्याला निमित्त होईल. जेवण झाल्यावर अब्बांना दुकानात एकटं गाठ आणि विचार, चाचा, अजहरला खरंच जाऊ द्यायचं का? मला ते ‘जा’ म्हणाले, पण एकदाच विचारल्यावर म्हणाले, आणि आमच्या घरात पहिल्या उत्तराला काही अर्थ नसतो हे माझ्याइतकं कोणाला माहीत आहे? मी पुन्हा विचारायला हवं होतं. माझी हिंमत होत नाही. तुला ते खरं सांगतील, तुझ्यावर त्यांचा जीव आहे. ते जे काही म्हणतील ते नीट ऐकून घे, त्यांच्याजवळ जरा वेळ बस, आणि बाहेर येऊन मला ‘जा म्हणाले’ असं सांग. मी तुला दुसऱ्यांदा विचारणार नाही.